परभणीहून पीपी कॉल

"परभणीहून पीपी कॉल आहे. शेवंताबाई लोखंडे यांना बोलवा," ऑपरेटर म्हणाली.

गुरुवार होता. दुपारचे पावणेतीन. मी रिसीव्हर कानाला लावून खिडकीशी उभी होते. समोरच्या ओळीत, वीस पावलांवर, लोखंडेवैनी ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. घंटा त्यांनीही ऐकली होती. सूप मांडीवर ठेवून त्या माझ्या खिडकीकडे बघत होत्या, अर्धवट उठलेल्या, एक हात जमिनीला टेकलेला. मी नुसती मान हलवली असती तरी धावत आल्या असत्या.

मी काय केलं ते सांगते, पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई जन्मतःच दुष्ट होती. तशी मी नव्हते. निदान त्या बुधवारपर्यंत मला तसं वाटत नव्हतं.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. आमचे साहेब (नवऱ्याला साहेब म्हणायची खोड मला त्या कॉलनीतच लागली) धरणावर शाखा अभियंता होते. पावसाळ्यात दरवाजे उघडायचे, पाडायचे निरोप यायचे म्हणून खात्याने आमच्या क्वार्टरमध्ये फोन बसवला होता. चाळीस बिऱ्हाडांच्या कॉलनीत राहत्या घरातला तो एकच. मग काय, झाडून सगळ्यांनी आपापल्या सोयऱ्यांना आमचा नंबर देऊन टाकला. ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव पलीकडच्याने ऑपरेटरला सांगायचं, ऑपरेटरने मला सांगायचं, आणि मी अंगणात जाऊन हाका मारायच्या. याला म्हणायचे पीपी कॉल. "मी काय बिनपगारी शिपाई आहे का?" असं मी चारचौघीत म्हणायची, पण खरं सांगते, मला ते आवडायचं. कुणाकडे बाळ झालं, कुणाचा बाप गेला, सगळं आधी माझ्या कानावर यायचं. स्वतःच्या घरात काही घडत नसलं की दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या बाई पुरवून पुरवून खाते.

माझ्या घरात काय घडणार होतं? लग्नाला सतरा वर्षं झाली होती. तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गेले. चौथ्यांदा डॉक्टरांनीच नको म्हटलं.

उज्ज्वला ही लोखंड्यांची एकुलती एक पोर. सगळे तिला उजी म्हणायचे. आम्ही कॉलनीत आलो तेव्हा ती सहावीत होती. अभ्यास आमच्याकडे, कारण त्यांच्या घरी टेबल नव्हतं. वेण्याही माझ्याकडून, कारण "आई लई घट्ट घालती, डोळे ताणतात काकू." दहावीला तिला इंग्रजीत छत्तीस मार्क पडले तेव्हा पेढे मी वाटले होते. एकोणिसाव्या वर्षी तिला परभणीला दिली. कापडाचं दुकान, दुमजली घर. लोखंडे म्हणजे आमच्या भांडारातले भांडारपाल, गरीब माणूस, दिवसातून दहा वाक्यं बोलणारा. त्यांना वाटलं, पोरीनं नशीब काढलं.

वर्षभरातच गुरुवारचे फोन सुरू झाले. गुरुवारी दुपारी तिची सासू दत्ताच्या देवळात भजनाला जायची. तेवढ्या तासाभरात उजी पोस्टात जाऊन फोन लावायची. फोन बाहेरच्या खोलीत होता. वैनी बोलायला लागल्या की मी शहाण्यासारखी स्वयंपाकघरात जायची, पण कान मागेच राहायचे. मला एकच बाजू ऐकू यायची.

"पुन्हा हात उचलला? कशापायी?"

"..."

"मीठ जास्त पडलं म्हणून?"

"..."

"सोस गं माझ्या माय. दिवस जातेत हेबी."

पोरीचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता आणि आई इकडून फुंकर घालत होती. पत्र लिहावं तर सासरा फोडून वाचायचा. म्हणून जे काय बोलणं व्हायचं ते गुरुवारी, आमच्या फोनवर.

त्या पावणेतीनच्या फोनच्या आधीच्या गुरुवारी वैनी बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांब, थांब. आसं एकदम नगं. बाबाला विचारते. पुढच्या गुरवारी फोन कर, तवा सांगते. तवर तिथून हलू नको." रिसीव्हर ठेवून त्या माझ्या खुर्चीत बसल्या. कधी बसायच्या नाहीत.

"उजी कायमची येते म्हणू लालीय, वैनी."

"मग येऊ द्या की."

"ह्यांना विचारावं लागंल. लोक काय म्हणतेन?"

लोखंडे तीन दिवस काही बोलले नाहीत. रविवारी जेवता जेवता म्हणाले, "ये म्हणावं पोरीला. आपली भाकर हाय." वैनी खरकट्या हाताने पळत माझ्याकडे आल्या. कॉलनीत सगळ्यांत आधी मला सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गळ्यात पडून रडलो. तो आनंद खरा होता. आज कुणाला पटणार नाही, पण खरा होता.

आणि बुधवारी थोरात ओव्हरसियरच्या सुनेचं डोहाळजेवण झालं.

मी हिरवी साडी नेसून गेले होते. खण, नारळ, सगळं घेऊन. पाच जणींनी ओटी भरायची. कॉलनीतल्या अशा कामांची सूत्रं वैनींकडे असायची. त्यांना सगळी रीतभात ठाऊक. चार जणींचं झालं. पाचवी कोण, म्हणून कुणीतरी विचारलं. कोणीतरी म्हणालं, "साळुंकेवैनी हायेत की." मी ताट उचललं. लोखंडेवैनींनी ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं.

"त्यांना नगं, लेकुरवाळी पाहिजे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "वैनी, तुम्ही आपलं चहाचं बघता का?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मनात काही असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या रीत सांगत होत्या, पावसाळ्यात छत्री घ्या म्हणावं तसं. तीस बायका माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्याचं दाखवत होत्या. मी आत जाऊन तीस बायकांचा चहा केला. आलंसुद्धा ठेचून घातलं.

संध्याकाळी वैनी आमच्या दारात आल्या. मला वाटलं, चुकलं म्हणतील. त्या म्हणाल्या, "उद्या गुरवार हाय बरं का वैनी. कुठं जाऊ नका." आणि हसत निघून गेल्या. त्यांना काही झाल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

तर असा तो गुरुवार. माझ्या कानाशी ऑपरेटर म्हणत होती, "हॅलो, पार्टी आहे का?"

मी खिडकीतून वैनींकडे बघितलं. मनात म्हटलं, पुढच्या गुरुवारी बोलेल. आठ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? एक गुरुवार हिलाही कळू दे, रिकाम्या हाताने बसणं म्हणजे काय. मी हात वर करून हलवला: नाही, तुमचा नाही. वैनी पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी सूप उचललं.

"पार्टी नाही," मी म्हणाले. "घराला कुलूप आहे."

"पार्टी हजर नाही..." ऑपरेटर पलीकडे सांगायला लागली, तेवढ्यात मध्येच उजीचा आवाज आला. "ताई, तोडू नका. एक मिनिट, पाया पडते. काकू, मी उजी."

तिच्या मागे गोंगाट होता. पोस्टात असा गोंगाट नसतो. गाड्यांचे हॉर्न, आणि एक माणूस ओरडत होता, मानवत, पाथरी, मानवत, पाथरी. ती एसटी स्टँडावर होती.

"काकू, कुलूप कसं? आज गुरुवार आहे."

"गेलेत गं दोघं कुठंतरी. सकाळीच."

"आई मला काही निरोप ठेवून गेली का?"

निरोप होता. रविवारपासून माझ्याजवळ होता. माझ्या गळ्याला मिठी मारून तिच्या आईने तो मला सांगितला होता.

"नाही गं," मी म्हणाले. "काही नाही."

मागचा माणूस ओरडतच होता. मला वाटलं, ती रिसीव्हर सोडून गेली.

"बरं काकू," ती म्हणाली. "ठेवते. तुमची कंबर बरी आहे ना आता?"

"बरी आहे."

मी फोन ठेवला. वैनींनी ओट्यावरूनच विचारलं, "कुणाचा वो?"

"ऑफिसचा. गेटचा निरोप."

"उजीचा येईलच आता," त्या म्हणाल्या.

स्टँड म्हणजे काय, ते मला कळलं होतं. सासरहून निघून आलेली पोर स्टँडावर उभी राहून विचारत होती, येऊ का म्हणून. चार वाजता मी चपला पायात घातल्या, अंगणाच्या फाटकापर्यंत गेले. तिथे मला प्रश्न पडला की सांगायचं काय. मी परत आले. मग मनाची समजूत घातली, तशीच येईल ती, लेक माहेरी यायला कुणाची वाट बघते का? येईल संध्याकाळच्या गाडीने, मग हसण्यावारी नेऊ. सहा वाजता वैनीच आल्या आणि विचारायला लागल्या, फोन बिघडला तर नाही ना? मी रिसीव्हर उचलून त्यांच्या कानाला लावला. "टोन आहे की," मी म्हणाले.

शनिवारी उजीचा दीर मोटारसायकलवर आला. "वहिनी इकडं आल्यात का? शुक्रवारी पहाटे कुणाला न सांगता निघून गेल्यात." घरची सून गुरुवारी दुपारी गेली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आपण शोधलीच नाही, हे कबूल करायला नको म्हणून त्या लोकांनी शुक्रवार ठरवला होता. हे खोटं आहे ते त्या घराबाहेर साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, उजीला आणि मला. पोलिसांनी शुक्रवार लिहून घेतला. शुक्रवारच्या गाड्यांच्या कंडक्टरांना विचारलं, शुक्रवारी कोणी बघितलं का म्हणून गावोगाव फिरले. एक हवालदार आमच्याकडेही आला. फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "मुलीचा गुरुवारी फोन यायचा म्हणे. त्या गुरुवारी आला होता का, बाई?"

साहेब शेजारी उभे होते. वैनी दारात उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

उजी सापडली नाही. जिवंत नाही, मेलेली नाही. लोखंड्यांनी रजा काढकाढून औरंगाबाद, नांदेड, हैदराबादपर्यंत धुंडाळलं, हातात तिचा लग्नातला फोटो घेऊन. वैनींनी घर सोडलं नाही. लग्न नाही, कार्य नाही, भावाच्या तेराव्यालाही गेल्या नाहीत. पोर आली आणि घराला कुलूप दिसलं तर? हे त्या मलाच सांगायच्या. रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसायच्या, फोनकडे तोंड करून. आणि रोज तेच.

"माझ्यावर रागावून गेली. मी तवाच 'ये' म्हणायला पायजे होतं. बाबाला विचारते म्हणले, तिथंच माझी पोर तुटली. गुरवारी फोनसुद्धा केला न्हाई तिनं. मला विचारलंबी न्हाई."

"नका मनाला लावून घेऊ," मी म्हणायची. आणि उठून चहा टाकायची.

दोन वर्षं मी असा चहा केला.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात साहेबांची नाशिकला बदली झाली. सकाळी ट्रक लागला. लोखंडे सामान बांधायला आले होते. भांडारात आयुष्य गेलेलं, दोर आवळायला त्यांच्यासारखा माणूस नाही. साहेब ड्रायव्हरशी रस्त्यांबद्दल हुज्जत घालत होते. रिकाम्या खोलीत फोन तेवढा राहिला होता, खिडकीखाली, जमिनीवर. वैनी दशम्यांचा डबा घेऊन आल्या.

"नव्या बाईला सांगून ठेवा बरं का वैनी," त्या फोनकडे बघत म्हणाल्या. "उजीचा आला तर हाक मारा म्हणावं. कवाबी."

"सांगते."

"तुम्ही लई केलं माझ्यासाठी. दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं रोज रोज." त्यांनी पदर तोंडाला लावला. "एकच वाटतं बघा. जाण्याआधी एकदा तिनं विचारलं असतं. नुसता एक फोन. मंग मी मरायला मोकळी हाय."

माझ्याने ऐकवेना. इतकी वर्षं वाटायचं, एक ना एक दिवस मी सगळं सांगून टाकीन आणि जे होईल ते होईल. तोंड उघडलं आणि त्यातून अर्धंच बाहेर आलं.

"वैनी, फोन आला होता."

त्यांनी तोंडावरचा पदर काढला.

"त्या गुरुवारी. स्टँडावरून केला होता तिने. शुक्रवारी नाही, गुरुवारीच निघाली होती ती."

"काय म्हणली?"

इथे खरं बोलायची जागा होती. ती बाई माझ्यापुढे उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

"येऊ का म्हणाली. मी सांगितलं, आईबाबा ये म्हणतात. लाइन खराब होती, तुम्हाला हाक मारेपर्यंत तुटली. म्हटलं, संध्याकाळी दारात उभी राहील, तुम्हाला अचानक बघायला मिळेल. मग ती आलीच नाही. नंतर सांगायचा धीर झाला नाही मला."

मला वाटलं, त्या माझ्या झिंज्या धरतील. त्या खाली बसल्या, जमिनीवरच, फोनशेजारी. आणि हसल्या. रडत होत्या, पण हसत होत्या.

"म्हंजे कळालं तिला. आपुण ये म्हणलेलं तिला कळालं व्हतं."

"हो."

"रागावून न्हाई गेली."

"नाही."

त्यांनी माझा हात धरून कपाळाला लावला. अजून मला ते कपाळ हाताला जाणवतं, घामेजलेलं, गरम.

"कोन्च्या गाडीनं येते म्हणली?"

परभणीहून दुपारी सुटून संध्याकाळी आमच्या फाट्यावर थांबणारी गाडी एकच होती. कॉलनीतल्या कुणालाही विचारा.

"साडेतीनच्या," मी म्हणाले.

"अहो!" वैनी ओरडत अंगणात धावल्या. "अहो, ऐकलं का? पोरगी निघाली व्हती! आपल्याकडंच येऊ लालती! गुरवारी, साडेतीनच्या गाडीनं! वैनींनी तिला ये म्हणून सांगितलं व्हतं!"

लोखंडे ट्रकवर उभे होते, दोराचं टोक दातात धरून. ते खाली उतरले. सावकाश, एक एक पाय ठेवत.

"गुरवारी?" ते म्हणाले.

"गुरवारी! ते मेले खोटं बोलले."

"साडेतीनची..." ते थांबले. "त्या गाडीनं तर मी आलो. डिव्हिजनच्या हापिसात गेल्तो त्या दिवशी. माजलगावला चढलो. गाडीत सात-आठ माणसं..."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दोन वर्षं ज्याने अनोळखी माणसांच्या तोंडांत आपली पोर शोधली होती, त्या माणसाने माझं तोंड वाचलं. त्यांना कळलं. सगळं कळलं नसेल, पण पोर त्या गाडीत नव्हती आणि तिला कोणी ये म्हटलं नव्हतं, एवढं कळलं. मी वाट बघत होते. ते बोलले असते तर मी नाही म्हणाले नसते.

मग त्यांनी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. दोन वर्षांत कुणी तो तसा बघितला नव्हता.

"आसंल," ते म्हणाले.

"आसंल म्हंजे?"

"मागं बसली आसंल. मागच्या बाकावर एक पोरगी होती वाटतं. पदर घेऊन." त्यांनी ओठ पुसले. "मी पुढं होतो. माझा डोळा लागला होता."

वैनींचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. मग तेही गेलं.

"तुम्ही गाडीत व्हता?"

"हो."

"पोरगी त्याच गाडीत. आन् तुम्ही झोपलात?"

"झोपलो."

"तिलाबी झोप लागली आसंल. रातभर रडली आसंल ती. फाटा गेला आसंल निघून. तुम्ही उतरताना एकदा मागं बघितलं असतं! एक हाक मारली असती!"

"हो."

"तुम्ही बाप हायेत का कोण?" वैनींनी दोन्ही मुठींनी नवऱ्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली. ते उभे राहिले, दोर हातात तसाच. बायकोला धरलं नाही, मागे सरले नाहीत. शेजारच्या क्वार्टरमधून बायका धावत आल्या. साहेब मला विचारत होते, काय झालं, काय झालं? मी दारात डबा घेऊन उभी होते. अजूनही वेळ होती. एक पाऊल पुढे टाकून बोलायला दहा शब्द पुरले असते.

मी ट्रकमध्ये जाऊन बसले.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. वैनींचा आवाज चिरका झाला होता, त्या पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या, एकदा मागं का न्हाई बघितलं, एकदा मागं का न्हाई बघितलं. आणि तो माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा, प्रत्येक वेळी उत्तर देत होता.

"चुकलं," ते म्हणत होते. "माझं चुकलं."